चिखल्याची साक्षीदार

२०१७ साली मी एका वैमानिक स्त्रीचा शोध घेत समुद्रकाठच्या चिखल्याला गेलो. आपल्याकडच्या पहिल्या वैमानिक बायकांपैकी ती एक. साठ वर्षांपूर्वी विमानासकट नाहीशी झाली, ती सापडलीच नाही.

किनाऱ्यावर एक आजी बांबूवर बोंबील वाळत घालत होत्या. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी टांगायची. हात थांबतच नव्हते. मी विमानाचं विचारलं, तेव्हा थांबले.

"पोलिसातला हायस?"

"नाही आजी. तिच्या बहिणीनं पाठवलंय. मुंबईत असते, खूप थकलीय. लोक अजून तिला ऐकवतात, तुझी बहीण कुणाबरोबर तरी पळून गेली."

आजींनी हातातली जोडी बांबूवर टांगली. मग समुद्राकडे न बघताच म्हणाल्या, "मी पोर होते. माझ्या डोळ्यांदेखत ते विमान पाण्यात पडलं. बापानं दम दिला, बोललीस तर पोलीस घरात येतील."

मी वही काढली.

"लिवतोस काय? फोन लाव तिला."

मी लावला. आजींनी पदराला हात पुसून फोन कानाशी धरला. पलीकडून दोनदा "कोण?" आलं.

"बाय," आजी म्हणाल्या, "तुजी बहीण पळून नाय गेली. मी बघितलंय."