आमचं भजनी मंडळ आणि सुनंदाचा प्रश्न

त्या रविवारी वडीगोद्रीला, माझ्या सासुरवाडीत, आमच्या भजनी मंडळाचा पहिला कार्यक्रम होता... आणि मंडळातल्या एकालाही भजन येत नव्हतं.

गोष्ट जुनी आहे, मोबाईल नवे नवे आले होते तेव्हाची. मी जालन्यात मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचो. दुसऱ्यांच्या वायरी गुंडाळता गुंडाळता धंदा शिकलो, मग स्वतःचा टेम्पो घेतला.

माझं बायकोवर, सुनंदावर, मनापासून प्रेम. लग्नाआधी मंठा गावच्या एका मित्रावर होतं, तेही तितकंच मनापासून. हे दोन्ही खरं कसं, ते मला बरीच वर्षं उमगत नव्हतं. एकदा कामासाठी मुंबईला गेलो असताना पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांच्या एका बैठकीत जाऊन बसलो आणि तिथं 'बायसेक्शुअल' हा शब्द मिळाला... शब्द मिळाला तसा टोमणाही मिळाला. "तुझं एकदा काय ते नक्की कर बाबा, दोन्ही डगरींवर हात ठेवू नकोस!"

जालन्यात माझ्यासारखे आम्ही पाच जण होतो, ओळखीतून ओळख काढत जमलेले. चौघे बायकापोरांचे. दर गुरुवारी संध्याकाळी माझ्या गोडाऊनमध्ये बसायचो... चहा, भजी, गप्पा. बायकोच्या तापानं कासावीस होणारा आणि जुन्या दोस्ताच्या लग्नात घास न उतरणारा माणूस आमच्यात एकच असायचा, वेगवेगळे दोघे नव्हेत. नक्की कर, असं त्याला कुणी म्हणत नव्हतं.

घरी सांगायला मात्र काहीतरी हवं. मी सांगितलं, भजनी मंडळ. गुरुवार म्हणजे दत्ताचा वार, शंका कोण घेणार? आमच्यातले सलीमभाई टेलर होते, त्यांना मी घरी 'टाळवाले' करून टाकलं होतं.

आणि सासूबाईंनी नवीन घर बांधलं. वास्तुशांतीला थेट मंडळालाच आवतण!

"मर गए भाऊ," सलीमभाई म्हणाले. "मेरेकू तो तुम्हारी एक आरती पूरी नै आती."

"मला तरी कुठं येती?"

नाही म्हणायची सोय नव्हती. भजन फसलं तर सुनंदा विचारणार, मंग दर गुरुवारी जाता कुठं? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकून ती काय समजेल, याची धास्ती होती. आपला अख्खा संसार नाटक होतं असं तिला वाटलं तर?

शेवटी धंद्यातली अक्कल कामाला आली. गावातले पाच-सहा म्हातारे पुढंच बसले होते, पक्के भजनी. पहिला अभंग त्यांनी उचलला तसा आमच्या माईकचा आवाज मी हळूच कमी केला, आणि एक माईक म्हाताऱ्यांपुढं सरकवून त्याचा आवाज वाढवला. म्हातारे असे रंगले की बास... आम्ही नुसते ओठ हलवत होतो. सलीमभाई डोळे मिटून टाळ वाजवत होते, तेवढेच काय ते खरे.

"काय गोड गळा हाय हो जावईबापूंच्या मंडळाचा!" सासूबाई म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला आणि विषय संपवला.

ऊन कलतं झालं तेव्हा परत निघालो. मी टेम्पो चालवत होतो, शेजारी सुनंदा. मागे स्पीकरच्या खोक्यांमध्ये मंडळ. अंबडच्या अलीकडे सुनंदा म्हणाली, "तुम्ही एवढं भजन करता, पण घरात कधी एक ओळ गुणगुणला न्हाई. दारूचा वास न्हाई, पत्त्याचा नाद न्हाई. मंग हे मंडळ कशाचं हाय?"

मी टेम्पो कडेला घेतला. सांगून टाकलं... मंठ्याच्या मित्रापासून गोडाऊनपर्यंत सगळं.

मागून सलीमभाईंनी पत्रा ठोकला. "क्या हुआ भाऊ? पंक्चर?"

"न्हाई, बसा दोन मिनिटं!"

"मंग मी कोण?" सुनंदानं विचारलं.

"तू माझी बायको. लग्नाच्या आधी तो होता, लग्नानंतर तूच. ते बी खरं हाय, हे बी खरं हाय. नाटक कशातच न्हाई."

 त्यावर सुनंदा जे बोलली ते मी विसरणं शक्य नाही. "नवरा पितो म्हणून रडणाऱ्या बाईला गल्लीत चार जणी भेटतात. तुम्हाला बोलायला मंडळ हाय. मी कुणापाशी बोलू?"

मी टेम्पो सुरू केला.

घरात कामापुरतं बोलणं राहिलं. गुरुवारी मी गोडाऊनमध्ये हे सांगितलं तेव्हा सलीमभाई उठले, 'सब भाऊ के घर चलो' म्हणाले आणि स्कूटर घेऊन गेले. आम्ही पोचलो, थोड्या वेळानं तेही माझ्या घरासमोर हजर... मागे त्यांची बायको, रेहानाभाभी. या माणसानं निकाहच्या आधीच भाभींना सगळं सांगून टाकलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं!

भाभी आत गेल्या, दार लोटलं गेलं. आम्ही पाचही जण ओट्यावर, निकालाच्या दिवशी शाळेबाहेर बसावं तसे. आधी काहीच ऐकू येईना. मग रडण्याचा आवाज. सलीमभाईंनी माझा हात धरला.

आणि मग हसणं... दोघींचं, खळखळून.

सुनंदा डोळे पुसत चहा घेऊन बाहेर आली. "काय हो सलीमभाई, शेजाऱ्यांना तुम्ही 'कव्वालीला जातो' म्हणून सांगता?"

"अन् आवाज देखो इनका!" भाभी आतून ओरडल्या. "जैसे फूटा डब्बा!"

पुढं आणखी एक जण बायकोला घेऊन आला. बाकीचे दोघे घरी न सांगता तसेच यायचे, आणि त्यांना कुणी कधी "सांग" म्हणून टोकलं नाही. ज्याचं त्याला ठाऊक.

तेव्हापासून दर गुरुवारी माझ्याच घरी बायकांची बैठक आत बसायची, आमची ओट्यावर. आत काय बोलणं व्हायचं, ते मी सुनंदाला आजपर्यंत विचारलेलं नाही. तिनंही सांगितलेलं नाही. ती जागा तिची आहे... ती तिला देणाऱ्या रेहानाभाभींचं माझ्या संसारावर मोठं ऋण आहे.