नळीचं सोवळं

गेल्या वर्षी माझी श्रद्धा अगदी डळमळली होती. आतड्याच्या मोठ्या ऑपरेशननंतर ह्यांना अन्न पचेना, म्हणून छातीत बसवलेल्या नळीतून रोज संध्याकाळी घरीच पोषणाची सलाईन द्यावी लागे. ते काम मी शिकून घेतलं होतं. तरी चार महिन्यांत दोनदा नळीत जंतुसंसर्ग झाला, हुडहुडी भरून ताप आला आणि ह्यांना ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "असंच होत राहिलं तर नळी घालायला शिराच उरणार नाहीत." माझी पूजा कधी चुकली नव्हती. मग देवाचं लक्ष होतं कुठे?

एका मंगळवारी बुधवार पेठेत गणपतीच्या रांगेत उभी असताना डोळे भरून आले. मागच्या बाईंनी विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. त्या लोणी काळभोरच्या, निवृत्त नर्स निघाल्या. म्हणाल्या, "सलाईन जोडताना काय काय करता, दाखवा बरं." मी पर्सच्या पट्ट्यालाच नळी समजून करून दाखवलं. हात धुतले, पदराला पुसले, ह्यांना अंगारा लावला, टोपण काढून नळी जोडली.

"ताई, देवाचं सोवळं तुम्हाला चांगलं ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "मग नळीलाच का नाही?"

मला रागच आला. पण दर्शन झाल्यावर त्या माझ्याबरोबर रिक्षाने घरी आल्या. पंखा बंद करायला लावला, तोंडाला मास्क बांधायला लावला. अंगारा आधी लावून मग साबणाने हात चोळून धुवायचे, कोऱ्या कागदी रुमालाने पुसायचे. नळीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने घासायचं. मी लगेच नळी जोडायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "वाळू द्या. इथंच घाई होती." त्या अर्ध्या मिनिटात मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. ती सवय आजही आहे.

जाताना मी वाकून नमस्कार करू लागले, तर म्हणाल्या, "रांगेत तुमच्या मागं उभी होते, एवढंच."

त्यानंतर वर्षभर ह्यांना ताप नाही. माझ्या हातांना देवाने काम दिलं आणि फळाची काळजी स्वतःकडे ठेवली, असं मला वाटतं. गेल्या महिन्यात हे स्वतः चालत दर्शनाला आले. काय मागितलंत, असं विचारलं, तर हसून म्हणाले, "काही नाही. नुसतं भेटून आलो."