बंद चाळीतलं स्त्रीधन

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले, पण या गृहस्थाइतका राग मला कोणाचाच आला नाही.

तेव्हा सटाण्याकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कांद्याचा एक व्यापारी घरफोडीची फिर्याद घेऊन आला. आईच्या खोलीतलं कपाट फोडून चोरांनी बायकोचे सगळे दागिने नेले, असं त्याचं म्हणणं. पंचनाम्याला गेलो तर कपाटाचं कुलूप तुटलेलं, पण शेजारच्या फळीवरच्या साड्यांची घडीसुद्धा विसकटलेली नाही. इतका टापटिपीचा चोर मी तरी पाहिला नव्हता.

चौकशीत कळलं की दोघांचा घटस्फोटाचा दावा चालू आहे. बायको माहेरी होती. बापाने लग्नात घातलेल्या पाटल्या, तोडे आणि हार तिने गणपतीनंतर वकिलामार्फत मागितले आणि आठवडाभरातच ही चोरी झाली.

मी त्याला विचारलं, "वाटणीत तिला काय देणार?"

"काय देणार साहेब? घर आईचं, गाळा भावाच्या नावावर, गाडीवर कर्ज. माझ्या नावावर काहीच नाही. दागिने होते, तेही गेले. तिचं नशीब!"

हे सांगताना तो चक्क हसला. त्याच्या कानाखाली काढावी असं फार वाटलं. हात टेबलाखाली धरून बसलो.

दोन दिवसांनी ठाण्यात एका बाईचा फोन आला. "साहेब, मी त्या कांदाना व्यापारीनी बहीण शे. भाव इतला चढना, सगळास्नी कांदा इकी टाका. मना भाऊनी चाळ काबर बंद शे? इचारा त्याले. मी बी कोणाना घर नांदस." सगळ्यांनी कांदा विकला, मग भावाची कांदा साठवायची चाळ बंद का, आणि मीही कोणाच्या तरी घरची सून आहे, एवढं अहिराणीत बोलून तिने फोन ठेवला.

मी सिन्नरकडच्या शेतकरी घरातला. साठवलेला कांदा भाव आला की विकायचा असतो, हे मला कोणी शिकवायला नको. त्याच्या मळ्यावर गेलो. चाळीजवळ जाताच सडक्या कांद्याचा वास नाकात शिरला, खालून पाणी गळत होतं. चढ्या भावात व्यापारी माल सडू देतो?

त्याला पुन्हा बोलावलं. चोरीचं नावही काढलं नाही. चहा पाजला, कांद्याच्याच गप्पा मारल्या.

"चाळ कधी भरली?"

"वैशाखात. माल एक नंबर! तेव्हापासून एक कांदा हलवला नाही."

"मग विकत का नाही?"

"भाव अजून चढेल ना, साहेब."

हे सगळं जबाबात घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. मग म्हणालो, "चला, पंच बोलावलेत. चाळ उघडू."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मजुरांनी दुपारपर्यंत चाळ उपसली. अगदी तळाला, बांबूंवर, प्लास्टिकमध्ये बांधलेला स्टीलचा डबा निघाला. दागिने त्यातच होते. "चोरांनीच लपवले असतील," तो पुटपुटला. चोरी गणपतीनंतरची आणि डबा वैशाखात भरलेल्या कांद्याखाली! मी त्याचाच जबाब त्याच्यापुढे धरला, तेव्हा त्याने सगळं कबूल केलं. चाळीत कोण बघणार, तपास थंडावला की हळूच काढू, असा त्याचा बेत होता. भाव लवकर चढला आणि बंद चाळ साऱ्या गावाच्या डोळ्यांवर आली. खोट्या फिर्यादीचा आणि स्त्रीधनाच्या अपहाराचा गुन्हा मी स्वतः बसून नोंदवला.

कोर्टाच्या हुकमाने दागिने तिला परत मिळाले. ते न्यायला ती वडिलांबरोबर ठाण्यात आली. एकेक वस्तू ओळखली, सही केली. मग पाटल्या हातात घेऊन तिने विचारलं,

"साहेब, डबा नक्की तळाशीच होता?"

"हो."

"म्हणजे चाळ भरायच्या आधी ठेवला. तेव्हा आमचं भांडणसुद्धा नव्हतं. मजुरांचा स्वयंपाक मीच करत होते. हा जेवायला आला की गरम भाकरी मीच वाढायचे."

तिचे वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

वाटणीचं भांडण कोर्टात गेल्यावरच सुरू होतं, असं मी तोवर समजत होतो. त्या दिवसापासून अशा प्रकरणात मी पहिला प्रश्न विचारू लागलो, "घरात सगळं ठीक होतं, तेव्हा काय काय जागचं हललं?" उत्तर ऐकताना दर वेळी मला ती गरम भाकरी आठवायची, आणि तोच राग पुन्हा यायचा.