पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी

आधीच सांगून टाकते, मी पत्रकार आहे. कोणी 'आमच्या आत्याला दिसलं' म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, "आत्याचा नंबर द्या." भूतखेत, अंगात येणं, स्वप्नात दृष्टांत... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. पण गेल्या हिवाळ्यात जे झालं ते सांगताना अजूनही माझे हात गार पडतात. भीतीने नाही हां – एक्साइटमेंटने!

ठाण्यात नौपाड्याला डोळ्यांच्या एका दवाखान्याच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बातम्या देणारी छोटीशी मराठी वेबसाइट. संपादक देवधर सर, रिपोर्टर मी. साइटचा पासवर्ड आम्हा दोघांकडेच.

डोंबिवलीहून खाडीपलीकडे जायला नवा पूल झाला, तेव्हा सर म्हणाले, "मुग्धा, पुलाचे फोटो सगळेच टाकतील. पूल नव्हता तेव्हा होडीने जाणारी माणसं शोध."

अशी माणसं शोधायची तर आमच्याकडे एकच उपाय – जाहीर आवाहन. 'तुम्ही कधी कोपरच्या बाजूने होडीत बसून खाडी ओलांडली आहे का? आठवणी असतील तर कळवा.' खाली ऑफिसचा नंबर. साध्या चार ओळी. मी लिहिल्या, सरांनी माझ्या शेजारी उभं राहून वाचल्या, एक वेलांटी दुरुस्त केली, आणि मी त्यांच्यासमोरच बटण दाबलं. मग सगळ्या ग्रुपवर लिंक टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पाय ठेवते न ठेवते तोच सर ओरडले, "ही मुलगी कोण?"

"कोणती मुलगी, सर?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या चार ओळींखाली पाचवी ओळ होती –

'होडीतून पाण्यात पडलेली पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी आता कुठे आहे?'

मी शप्पथ घेऊन सांगते, ती ओळ मी लिहिली नव्हती! कुठल्याच मुलीबद्दल मला काही माहीत नव्हतं. सर म्हणाले, "काल मी वाचलं तेव्हा ही ओळ नव्हती." मग आम्ही साइटच्या नोंदी बघितल्या. कोण कधी काय बदलतं ते तिथे दिसतं. मजकूर एकदाच चढवलेला, माझ्या लॉगिनने, नंतर कोणी हातही लावलेला नाही. म्हणजे बटण दाबलं तेव्हा ती ओळ तिथे होती... आणि आम्हा दोघांनाही दिसली नव्हती?

सर प्रचंड चिडलेले. आधार नसलेलं एक वाक्य गेलं तरी आमच्यासारख्या छोट्या साइटची अब्रू जाते. "काढून टाक आणि दिलगिरीची ओळ टाक," म्हणाले. मी ओळ सिलेक्ट केली... आणि फोन वाजला.

"तुम्ही पेपरवालेच ना?" एक बाई. आवाज संतापलेला. "आमच्या सासऱ्यांची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? मी त्यांना तुमचं ते मोबाइलवरचं वाचून दाखवलं, तेव्हापासून रडतायत. अन्नाला शिवले नाहीत!"

मी पत्ता विचारून घेतला आणि ओळ तशीच ठेवून खाली धावले.

त्या बाई म्हणजे वनिता. कोपरला, डोंबिवली पश्चिमेला, जुन्या गावठाणात त्यांचं घर. सासरे गोमाबाबा, आगरी म्हातारे, तरुणपणी खाडीत होडी चालवायचे. दार उघडताना वनिताच्या चेहऱ्यावर राग होता, पण बाबा माझा हात धरून खाटेवर बसवतच म्हणाले, "तुला कोनी सांगला गो? मी तं बायकोला पन नाय सांगला."

मी म्हटलं, "बाबा, मला खरंच काही माहीत नाही. तुम्हीच सांगा."

आणि त्यांनी सांगितलं. दुपारची वेळ, ओहोटी लागलेली. रेती काढणारी मोठी बोट जवळून गेली, लाटेने होडी कलली, आणि मामाबरोबर बसलेली पिवळ्या फ्रॉकची लहान मुलगी पाण्यात गेली. गोमाबाबांनी मागोमाग उडी मारली. खूप लांबपर्यंत वाहत गेले, चिखलात हात घालून चाचपडले. काठाला लागले तेव्हा होडी रिकामीच किनाऱ्याला टेकलेली, तो मामा कुठे दिसला नाही. कोणी तक्रार केली नाही, कोणी विचारायलाही आलं नाही. त्यांनी होडी विकून टाकली.

"पोरीच्या हातान बदकाचा पिलू व्हता," ते म्हणाले. "तो तरंगत माझ्याकरं आयला. पोर नाय आयली." मग माझ्याकडे बघत राहिले. "जिती हाय का ती? तुमी लिवलाय, कुठं हाय म्हून..."

मी म्हटलं, "शोधते."

परत आल्यावर सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "ओळ राहू दे. पण पिल्लाचा शब्दही बाहेर जाता कामा नये."

कारण जाहीर आवाहनाची एक गंमत असते – खऱ्या माणसाबरोबर हौशीही येतात. आलेच! कल्याणच्या एक बाई म्हणाल्या, मीच ती. एकाने बहिणीचं नाव सांगितलं. प्रत्येकाला मी एकच विचारायचे, "तेव्हा हातात काय होतं?" कोणी दप्तर म्हणालं, कोणी बाहुली, कोणी खाऊचा पुडा. दर फोनला आशा आणि दर वेळी निराशा! रात्री अंथरुणावर पडले की गोमाबाबांचा तो प्रश्न ऐकू यायचा.

एक दिवस भर दुपारी एक बाई थेट ऑफिसचा जिना चढून आल्या. साठीच्या आसपास, इस्त्रीची कॉटनची साडी, घामाघूम. माजिवड्याला राहतात, नाव सुनंदा. बसतच नव्हत्या.

"ते आवाहन तुम्ही टाकलंत? आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलं. मला एवढंच सांगा, हे तुम्हाला कोणाकडून कळलं?"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. "ताई, त्या मुलीच्या हातात काय होतं?"

त्यांनी दोन्ही तळवे जोडून ओंजळ केली. अगदी आपोआप. "पिल्लू होतं. बदकाचं. मामाने बाजारात घेऊन दिलेलं."

सर खुर्चीतून उठून उभे राहिले! मला जोरात ओरडावंसं वाटत होतं.

सुनंदाताईंना त्याच रेतीच्या बोटीवरच्या लोकांनी वर काढून पुढे काठावर सोडलं होतं. शोधत धावत आलेला मामा तिथे भेटला. "पण मामा म्हणाला, तुझ्यामागे उडी मारलेला होडीवाला वर आलाच नाही, तो बुडाला. घरी एक शब्द बोललीस तर पोलीस येतील. मी आईला नाही सांगितलं, नवऱ्याला नाही सांगितलं. मामाही गेला आता. माझ्यामुळे एक माणूस गेला, हे घेऊन जगले मी..."

"ताई," मी म्हटलं, "चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"कोपरला. तो माणूस आहे!"

त्या मटकन खाली बसल्या.

रिक्षात त्यांनी माझं मनगट जे धरलं ते कोपर येईपर्यंत सोडलं नाही. वनिताला मी फोन केला होता, ती दारातच उभी. गोमाबाबांना आता कमी दिसतं. त्यांनी विचारलं, "कोन आयलाय?"

सुनंदाताई पुढे झाल्या. त्या खाटेशी खाली बसल्या आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "बाबा, मी ती होडीतली. मला वाटायचं, तुम्ही बुडालात."

बाबांनी तिचं डोकं चाचपलं, मग कान, मग गाल. पाण्यात शोधावं तसं. बराच वेळ. मग एकदम हसायला लागले, तोंडात दात नाहीत आणि गालांवरून पाणी वाहतंय... "पिलू मोठा झायला व्हता गो! लय वर्सं जगला. आंगनान फिरायचा."

सुनंदाताई हसत होत्या की रडत होत्या, सांगता येत नाही. वनिता पदर तोंडाला लावून आत पळाली. मी फोटो काढायचेही विसरले. रिपोर्टर असून!

त्या संध्याकाळी बाबा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले, असं वनिता म्हणाली. सुनंदाताई आता वरचेवर कोपरला जातात. वनिता त्यांना मासे करायला शिकवतेय, ताईंच्या घरी चालत नाहीत म्हणून तिथेच खातात.

आता उरतं ते एवढंच, की ती ओळ लिहिली कोणी? साइट बनवून देणाऱ्या मुलाने आमच्यासमोर बसून सगळं तपासलं, बाहेरून कोणी घुसलेलं नाही. गोष्ट माहीत असलेली माणसं सापडली ती दोनच, आणि तीही अर्धी अर्धी. एकाला वाटत होतं मुलगी गेली, दुसरीला वाटत होतं होडीवाला गेला. दोघांपैकी कोणीही माझं नाव ऐकलेलं नव्हतं. सर म्हणतात, तूच कुठेतरी ऐकलं असशील आणि विसरलीस. पण सर, ऐकणार कुणाकडून? यावर ते चष्मा पुसत बसतात.

मी एकदा बाबांनाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कोणी लिहिलं असेल?"

ते सुनंदाताईंनी आणलेलं पपनस सोलत होते. म्हणाले, "मना काय ठाव?" आणि सोललेली एक फोड माझ्या हातावर ठेवली.

मलाही ठाऊक नाही.