अक्काच्या कानात काहीच नव्हतं

गेल्या जानेवारीतला दुसरा मंगळवार. गाव बसवकल्याण. दातांच्या एका फोटोचे पाचशे रुपये. हजर — मी, माझी बायको, मुडबीहून आलेली माझी मोठी बहीण सुमनअक्का आणि एक्स-रे काढणारे रफिकभाई. हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचून लोक म्हणतील, याला भास झाला. मला भास होत नाहीत. भूतबाधा, दृष्ट, काही मानत नाही. आमच्या घरात लिंबू येतं ते सरबतापुरतं.

अक्काची उजवी अक्कलदाढ ठणकत होती. डॉक्टर म्हणाले, काढण्याआधी ओपीजी करून आणा. म्हणजे मशीन डोक्याभोवती फिरतं आणि सगळे दात, दोन्ही जबडे एकाच फोटोत येतात. त्यासाठी गळ्या-कानातलं सगळं उतरवावं लागतं. पहिली अडचण इथेच.

"मंगळसूत्र काढू? मालक जित्ता हाय माजा!"

शेवटी बायकोने दोऱ्यात हळकुंड ओवून अक्काच्या गळ्यात बांधलं, तेव्हा कुठे मंगळसूत्र उतरलं.

फोटो आला. डाव्या वरच्या जबड्यावर पांढरा, पुसट, वाकडा डाग.

"अक्का, कानातलं राह्यलं," रफिकभाई म्हणाले. "बायका पदराखाली लपवतात. रोजचं हाय हे."

"मी कामून लपवू?" अक्काने पदर मागे टाकून दोन्ही कान दाखवले. रिकामे. बायकोने तिच्या केसांतून बोटं फिरवली — पिनसुद्धा नव्हती.

दुसरा फोटो. तोच डाग, तिथेच.

माझं डोकं फिरलं. "मशीन खराब आहे तुमचं. याचे पैसे मी देणार नाही."

"मग तुम्हीच बसा की, अण्णा. तुमची बी चिठ्ठी हाय न्हवं?"

होती. माझीही एक दाढ हलत होती. बसलो. माझा फोटो लख्ख!

रफिकभाईंनी अक्काचा फोटो पुन्हा स्क्रीनवर लावला. मग म्हणाले, "धातू राह्यला तर दोन खुणा येतात. एक ठळक, जिथल्या तिथं. दुसरी पुसट सावली, समोरच्या बाजूला, जरा वर. ही सावली उजव्या कानातल्या दागिन्याची हाय... पण दागिना न्हाई."

अक्का पुढे झाली. "प्रकाश, ही आईची बुगडी."

आईची एकच बुगडी उरली होती. उजव्या कानात, वाकलेली. आई गेली तेव्हा ती कानातून निघेना, म्हणून तशीच अग्नीला दिली.

"डाग आहे तो, अक्का. उगं काहीबाही बोलू नकोस."

"तू गप. आईची लेक मी का तू?"

मी हजार रुपये दिले — तिचा एक फोटो, माझा एक. तिच्या दुसऱ्या फोटोचे दिले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "उजवी दाढ काढता येईल, पण डावीकडे त्या डागाखाली काय आहे ते दिसत नाही. कलबुर्गीला थ्री-डी स्कॅन करून या." दुखणं उजवीकडे आणि खर्च डावीकडचा! बसमध्ये मी धुमसत बसलो.

"तुजं तोंड कामून सुजलंय?" अक्का गाल धरून म्हणाली. "दाढ तर माजी दुखायलीय."

स्कॅनमध्ये डाग नव्हता. पण नेमक्या त्याच जागी, टाळूच्या बाजूला, हाडात बोराएवढी गाठ. हाड पोखरत चाललेली, आणि जरासुद्धा न दुखणारी. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, ओपीजीत जबड्याचा एक वळणदार पट्टाच स्पष्ट येतो; त्याच्या आतल्या बाजूचं कधी कधी निसटतं. "साध्या फोटोत ही कळली नसती. तो डाग नसता तर तुम्ही इथे आलाच नसता."

गाठ काढली. तपासणीत साधी निघाली. दाढही गेली. अक्का आता कडक भाकरी चावून खाते.

वैताग उरला तो मला. रफिकभाईंनी मशीन दुरुस्त करणाऱ्याला विचारलं, मी आणखी दोन डॉक्टरांना ते फोटो दाखवले. जो तो एकच म्हणतो — "कानात काहीतरी राहिलं असेल." नव्हतं राहिलं! मी तिथेच उभा होतो... मग ते काय होतं? विचारून विचारून थकलो. उत्तर नाही.

गेल्या आठवड्यात रफिकभाईंकडे गेलो आणि त्या दुसऱ्या फोटोचे पाचशे रुपये टेबलावर ठेवले.

"मशीन तर खराब होतं न्हवं, अण्णा?"

आयुष्यात पहिल्यांदा पावती न घेता घरी आलो.