नौबादच्या सुतारशेडमधला डस्ट कलेक्टर

ड्रमला हात लावला आणि चटकन मागं घेतला. पत्रा चांगलाच तापला होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि ड्रम सावलीत होता, म्हणजे ऊन लागण्याचा प्रश्नच नव्हता.

"रऊफभाई, बंद करा!" मी ओरडले.

"क्या हुआ अक्का?"

"आधी बंद करा. मेन स्विच पाडा."

पंख्याचा आवाज हळूहळू खाली आला. माझ्या अंगावर पांढरी साडी होती. दसऱ्याचा दिवस, म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. आईला घेऊन विहारात निघाले होते, तेवढ्यात रऊफभाईंचा फोन आला. "अक्का, मशीन खींचताच नै. मुहूर्ताचं काम आडलंय." आईला रिक्षात बसवलं आणि मी टूलकिट घेऊन नौबादला आले. वाटलं होतं, पाइपात काहीतरी अडकलं असेल, अर्ध्या तासात मोकळी होईन.

मी मेंटेनन्सची कामं करते. मेकॅनिकल डिप्लोमा झाल्यापासून हाच धंदा. बिदरच्या बारक्या कारखान्यांची वर्षाची कॉन्ट्रॅक्टं माझ्याकडं असतात. नौबादची सुतारशेड त्यातलीच एक. सोळा सुतारांनी सोसायटी करून मोठी मशीनं सामायिक घेतली आहेत. रंधा मशीन, कटर मशीन, भोकं पाडायचं मशीन. ज्याचा नंबर लागेल त्यानं आपलं लाकूड आणायचं आणि काम करून न्यायचं. शेडची देखभाल रऊफभाई करतात. शेडची किल्ली मात्र सगळ्यांत जुन्या सभासदाकडं, म्हणजे शरणप्पांकडं असते.

डस्ट कलेक्टर म्हणजे काय, ते आधी सांगते. लाकूड कापताना पिठासारखा भुसा उडतो. तो छातीत गेला तर दमा लागतो. म्हणून प्रत्येक मशीनपासून एक पाइप निघतो आणि शेडच्या मागच्या पत्र्याच्या आडोशात एका मोठ्या पंख्याला मिळतो. पंखा भुसा ओढतो आणि उंच कापडी पिशवीत फेकतो. हवा कापडातून बाहेर जाते, भुसा खालच्या ड्रममध्ये पडतो. ओढीला आम्ही सक्शन म्हणतो. त्या दिवशी सक्शन जवळजवळ संपलं होतं.

आल्या आल्या मी नेहमीसारखी सुरुवात केली. पंखा चालू ठेवला, एकेका पाइपाची झडप बंद करत गेले आणि ओढ कुठं वाढते ते हातानं बघितलं. कुठंच वाढेना. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग मागं आले आणि ड्रमला हात लावला. म्हणजे ती दहा मिनिटं आतल्या विस्तवाला मीच वारा घालत होते.

"मोटर गरम झाली असंल," मागून शरणप्पा म्हणाले.

मोटर ड्रमपासून चार हात लांब आणि वर. तिची गरमी ड्रमला लागायचं काही कारण नव्हतं. मी वर पिशवीकडं बघितलं. कापडाच्या शिवणीजवळ तपकिरी डाग होता. धुराचा चिकटा आतून कापडाला बसला होता आणि त्यातून हवा बाहेर पडेना. सक्शन गेलं ते त्यामुळं. एवढा जळका वास कुणाला कसा आला नाही, याचंही उत्तर तिथंच होतं. आदल्या दिवशीच्या आयुधपूजेचा ऊद अजून सगळ्या शेडमध्ये दरवळत होता.

वळले तर शरणप्पा पान्हा घेऊन ड्रमपाशी बसलेले. ड्रम पिशवीच्या बुडाला दोन क्लॅम्पनी आवळलेला असतो. त्यातला एक त्यांनी सोडला होता, दुसऱ्यावर पान्हा लावला होता.

"उगडून बगू की अक्का. कचरा आडकला असंल."

"हात काढ!"

ते माझ्याकडं बघतच राहिले. शरणप्पा माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना कधी एकेरी बोलले नव्हते.

"हात काढ म्हणते ना! ऊठ तिथनं!"

उठेनात म्हणून मी त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि ओढलं. पान्हा खाली पडला. आठ-दहा सुतार जमले होते, सगळ्यांसमोर म्हाताऱ्या माणसाची कॉलर धरली होती. पण त्या घडीला मला काहीच सुचत नव्हतं.

"सगळे बाहेर. रस्त्यापलीकडं. रऊफभाई, फायर ब्रिगेडला फोन लावा."

"बादलीभर पाणी मारतो की," कुणीतरी म्हणालं.

"कुणी पाणी मारायचं नाही. चला बाहेर."

बाहेर आल्यावर त्यांना समजावलं. भुशाचा ढीग नुसता धुमसतो. पण तोच भुसा हवेत उधळला आणि त्याला ठिणगी मिळाली, तर सगळा एकदम पेटतो. चुलीजवळ पिठाचं फडकं झटकलं की भप्प होतं, तसं. ड्रम उघडला की भुसा हलतो आणि आत ताजी हवा जाते. पाण्याचा फटकारा मारला तरी भुसा उडतो. त्यात पिशवी पाइपांनी शेडला जोडलेली, म्हणजे आग उलटी आत येऊ शकते.

शरणप्पा माझ्याकडं न बघता सदऱ्याची कॉलर सारखी करत होते. "येवढं वरडायचं काय काम होतं?" ते म्हणाले. "चाळीस वरीस भुशात हाय मी."

त्यांचं वाक्य संपलं आणि मागनं आवाज आला. स्फोट म्हणावा असा मोठा नाही. ओल्या गोधडीवर काठी मारावी तसा. पत्र्याच्या आडोशावरून एक ज्वाळ वर गेली आणि कापडी पिशवी आमच्या डोळ्यांसमोर गायब झाली. खरंच गायब, कारण चार-पाच सेकंदांत तिथं नुसता लोखंडी सांगाडा उरला. आमच्या अंगावर काळी राख पडू लागली. सोडलेल्या क्लॅम्पच्या फटीतून हवा आत गेली असणार.

शरणप्पा जिथं बसले होते ती जागा आडोशाच्या उघड्या बाजूनं रस्त्यावरून दिसत होती. तिथं पान्हा पडला होता आणि त्याच्या बाजूची सनमायकाची पट्टी जळत होती. शरणप्पा ती पट्टी बघत होते. मग फुटपाथवर मटकन बसले. मीही त्यांच्या शेजारी बसले.

फायर ब्रिगेड वीसेक मिनिटांत आली. त्यांनी पाण्याचा बारीक फवारा मारला, तुषारासारखा. मेन स्विच पाडलेला, म्हणून आगीला पंख्याचा वारा मिळाला नाही आणि ती शेडपर्यंत पसरली नाही, असं त्यांच्यातला मोठा माणूस म्हणाला. शेड वाचली. ड्रम गार व्हायला दुपार झाली. मग त्यांनी आकड्यानं आतला काळा गोळा फोडला. मधोमध एक वाकडा कोळसा निघाला, बोटाच्या पेराएवढा. मी तो उचलून बघितला. करवंटीचा तुकडा होता.

सुतारशेडमध्ये सागवान येतं, बाभूळ येते, प्लायवुड येतं. नारळाची करवंटी कुठल्या मशीनमधून येणार? करवंटीचे निखारे असतात ऊदाच्या धुपाटण्यात.

खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरी आयुधपूजा नाही. हत्यार पुसायचं, तेल द्यायचं, जागेवर ठेवायचं. दरवर्षी हे लोक मला प्रेमानं बोलावतात, मी चुरमुरे खाऊन येते आणि मशीनच्या बेअरिंगवर थापलेल्या कुंकवाबद्दल तोंडातून अवाक्षर काढत नाही. यंदा आईच्या तब्येतीमुळं जमलं नव्हतं. आता माझ्या हातात पुरावा होता आणि जीभ शिवशिवत होती.

"शरणप्पाअण्णा," मी म्हणाले, "मशीनला ऊद घातला का काल?"

"व्हय. मीच घातलो."

"भुशाच्या मशीनला विस्तव दाखवतात का कुणी? एवढी वर्षं सुतारकी केलीत!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं आश्चर्य होतं.

"तुमीच दाखिवलाव की अक्का."

"मी?"

"मशीन नवं बसवताना. उदकाडी धरलाव न्हवं का पाइपाच्या तोंडाला? धूर सरळ आत गेला की मशीन निरोगी, म्हणलाव. मी पुन्यांदा दावा म्हणलो, तर पुन्यांदा दाखिवलाव. काल समद्या मशीनीला ऊद दाखवलो, ह्येच्याम्होरं आलो. ह्ये तर श्वास घेणारं मशीन. म्हणलो, चालू करा. धुपाटणं तोंडाला धरलो. धूर कसा सरळ आत गेला! समदे टाळ्या वाजवले."

माझ्या हातातला कोळसा मी खाली ठेवला.

त्यांचं अक्षर न अक्षर खरं होतं. सक्शन तपासायची ती आमची साधी रीत आहे. पाइपाच्या तोंडापासून वीतभर लांब अगरबत्ती धरायची. धूर सरळ आत ओढला गेला तर सक्शन चांगलं, भरकटला तर कुठंतरी गळती. उन्हाळ्यात मशीन बसवलं तेव्हा सगळे सुतार गोळा झाले होते आणि मी ऐटीत ते करून दाखवलं होतं. शरणप्पांना इतकं आवडलं की मी दोनदा दाखवलं. ड्रम त्या दिवशी कोरा, रिकामा होता, म्हणून मी बिनधास्त होते. पण ड्रम रिकामा आहे म्हणून हे चालतं, भुसा असताना विस्तव जवळ आणायचा नाही, हे मी बोललेच नव्हते. मला ते इतकं ठाऊक होतं की सांगायचं सुचलंच नाही. टाळ्या तेव्हाही पडल्या होत्या.

जो दोष पूजेच्या माथी मारायला निघाले होते, तो माझाच निघाला. तोंडात मारल्यासारखं झालं मला.

सोसायटीचे अध्यक्ष तीनच्या सुमाराला आले. त्यांचं फर्निचरचं दुकान आहे. शेडभोवती एक चक्कर मारून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"म्याडम, कुणी केलं कळलंय मला. शरणप्पाचं सभासदत्व रद्द करायलोय. रिपोर्टमध्ये तुमी एकच ओळ लिवा, सभासदाच्या निष्काळजीपणामुळे आग. बाकी कमिटी बघतंय."

"आणि ते कुठं काम करतील?"

"घरी करू द्या. पयले समदे हातानंच करत होते न्हवं?"

शरणप्पांचा उजवा खांदा वर जात नाही. हातरंधा ओढायला दोन्ही खांदे लागतात. या वयात त्यांच्या हातून जे काम होतं ते शेडमधल्या मशीनवर होतं. शेड बंद म्हणजे त्यांची सुतारकी बंद, हे अध्यक्षांना ठाऊक होतं आणि मलाही. आणि ती एक ओळ लिहिली की माझं नाव कुठंच येणार नव्हतं, हेही मला ठाऊक होतं. एक-दोन मिनिटं मी तशीच पेन धरून उभी होते, हे कबूल करते.

मग स्टुलावर कागद ठेवून लिहिलं. कारण : विस्तव पाइपातून ड्रममध्ये गेला. विस्तव पाइपाच्या तोंडाशी धरायची पद्धत सभासदांना मी स्वतः मशीन बसवताना दाखवली. भुसा असताना ती धोकादायक आहे, ही सूचना मी दिली नाही. शिवाय बिघाड शोधताना ड्रम न तपासता मी दहा मिनिटं पंखा चालू ठेवला. खाली सही केली.

अध्यक्षांनी दोनदा वाचलं.

"ह्ये तुमी सोताच्याच विरुद्ध लिवलाव. कामून?"

"झालं तसं लिहिलंय."

"कमिटी तुमचं कॉन्ट्रॅक्ट ठेवणार न्हाई."

"नका ठेवू. पण मग ठराव शरणप्पांवर करता येणार नाही."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. शरणप्पा दारात उभे राहून ऐकत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "अण्णा, सकाळी एकेरी बोलले." त्यांनी नुसती मान हलवली. साडी काळी झाली होती. विहारातला कार्यक्रम कधीच संपला होता आणि आईनं फोनवर विचारलं, जेवलीस का.

कॉन्ट्रॅक्ट गेलं. कलबुर्गीच्या एका पार्टीला मिळालं. शेड महिना-सव्वा महिना बंद राहिली, मग नवी पिशवी आणि नवा ड्रम आला. शरणप्पांवर ठराव झाला नाही, किल्लीही त्यांच्याकडंच राहिली.

मशीन पुन्हा चालू केलं त्या दिवशी शरणप्पांचा फोन आला.

"अक्का, कलबुर्गीहून आलेला मेकॅनिक उदकाडी लावलाय. पाइपाला धरायलाय."

मी खुर्चीतून उठले. "मग?"

"त्येचा हात धरलो. म्हणलो, ड्रम रिकामा हाय का, आदी दावा. त्यो म्हणतो, तुमाला काय कळतंय त्यातलं? मी म्हणलो, ड्रम उगडून दावा, मग लावा."

"दाखवला का त्यानं?"

"दाखिवला. रिकामाच होता."

हल्ली मी सक्शन लोकरीच्या धाग्यानं तपासते. धागा आत ओढला गेला की झालं, टाळ्या पडत नाहीत. आणि मशीन नवं असो की जुनं, कुठं काय करायचं नाही हे आधी सांगते, मग करून दाखवते.