पलीकडचं ऊन

दुसऱ्याच्या उन्हावर तुम्ही कधी जळलात का? नसाल, तर आमच्या गल्लीतल्या गादीवालीला हसायचा तुम्हाला हक्क नाही.

पाऊस ओसरला की शहाणीसुरती माणसं आभाळ बघून खूश होतात. ढग पांढरे, हलके, पिंजून टाकल्यासारखे. परसात चतुर घिरट्या घालतात, बदामाचं एखादं पान लाल होऊन गळतं. गादीवाली मागच्या दारात उभी राहून हे सगळं बघते आणि तिच्या कपाळावर आठी चढते. "आले तिचे दिवस," म्हणते.

ती म्हणजे धाकटी जाऊ. मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे तिचंही तेच काम. जुनी गादी उसवायची, कापूस उन्हात घालायचा, पिंजून पुन्हा भरायचा. सासरे गेले आणि परसाची वाटणी झाली, तीही नेमकी भर उन्हाळ्यात. थोरली म्हणून आधी निवडायचा मान हिचा. हिने गोदामाच्या उंच भिंतीलगतचा गार तुकडा उचलला आणि जग जिंकल्यासारखी मिरवली. पावसाळा सरला, ऊन कललं, तेव्हा डोळे उघडले. गोदामाची सावली हिच्या अख्ख्या परसावर, ऊन सगळं धाकटीकडे. हिचा कापूस कुबट राहतो आणि गिऱ्हाईक गुपचूप पलीकडचं दार वाजवतं.

यंदा मी म्हटलं, "वाटणी फिरवून मागू. मी बोलते." नगरपालिकेला घाम फोडलेली बाई आहे मी.

"तू गप बस," ती म्हणाली. "निवड माझी होती. थोरलीला अक्कल नव्हती, असं गावभर करायचंय का?"

तेवढ्यात भिंतीवर धाकटीचं डोकं उगवलं. "जाऊबाई, कापूस इकडे टाका की. अर्धी जागा मोकळीच आहे."

"तुझं ऊन तुलाच लखलाभ."

"मग काय, मी ते माहेराहून आणलंय?"

गादीवालीने आलेलं हसू गिळलं. हातातला कापूस हुंगला, तोंड वाकडं केलं आणि गाठोडं उचलून भिंतीपलीकडे दिलं. वर दम भरला, "कापूस मीच उलटणार. तू हात लावू नकोस."

मग दिवसभर भिंतीपाशी स्टूल टाकून राखण करत बसली. धाकटीच्या कापसावर ऊन जरा जास्तच पडतं, असं तिचं अजून म्हणणं आहे. मलाही तसंच दिसतं.

तुमची गादी भरायची असेल तर हिच्याकडेच या. कापूस छान वाळलाय म्हणा. ऊन कुठलं, तेवढं मात्र विचारू नका.